अठ्ठावीस पावलं

शाळेच्या भिंतीपासून दामू भोयरच्या तुरीपर्यंत
अठ्ठावीस पावलं. माझी,
म्हणजे डावा पाय ओढत मोजलेली;
तुमची बावीस भरतील.
उगवतीला अकरा केव्हीची लाईन,
मीच ओढलेली, शहाण्णव साली.
मावळतीला कडुनिंब, त्यात अजून अडकून आहे
माझ्या पहिल्या विमानाची शेपटी.

एवढ्यात बसवायचं आभाळ.

नागपूरचा पोरगा फोनवर म्हणाला होता,
काका, सोपं आहे,
तीस मीटर रबर, शंभर मीटर दोरी, वारा समोरून.
रबरी नळी हिंगणघाटच्या मेडिकलमधून आणली.
दुकानदारानं विचारलं, पेशंट कोण?
म्हटलं, मीच.

दोरी तिसरा हिस्सा कापली, रबर निम्मं,
तरी हुक सुटायच्या आत जमीन संपायची.
विमान नाक खाली घालून तुरीत,
आणि बांधावरून दामू:
"वायरमन, तुयं इमान
माह्याच तुरीत काहून उतरते बापा?"

मग दुसरी रीत.
पंखाच्या टोकाला बांबूची खुंटी,
ती दोन बोटांत धरायची,
स्वतःभोवती एक गिरकी आणि सोडून द्यायचं.
जागा लागते फक्त हात पसरलेल्या माणसाएवढी.
पण माझा पाय गिरकीला राजी नाही.
खांबावरून पडलो तेव्हा
तो माझ्या आधी खाली पोचला होता.

तीन दिवस मी भेलकांडत होतो,
तीन दिवस भागरथा उईके पाहत होती,
शाळेच्या खिचडीचा गंज राखेनं घासता घासता.
चौथ्या दिवशी हात न धुताच आली.
"हे तं गोफण होय नं जी.
गोट्याच्या जागी इमान.
अन् तुमी मनगटानं फेकून राह्यले.
गोफण कमरेतून सुटते."

नऊ वर्षांची असताना ती माचीवर बसायची,
ज्वारी निसवल्यापासून कणसं खुडेपर्यंत.
आता ज्वारी कोण पेरतं.
सोयाबीनला पाखरं येत नाहीत,
डुकरं येतात, रात्री,
त्यांना गोफण समजत नाही.

तिनं पदर खोचला.
दोन संत्र्यांएवढं वजन हातात तोलून म्हणाली,
"इतलुसंच?"
मी रिमोट धरून भिंतीला टेकलो.
तिनं वारा पाहिला नाही,
कडुनिंबाकडे पाहिलं, एकदा,
आणि टाच मातीत रुतवून
अशी फिरली, की चप्पल तिथंच राहिली.

आवाज आला तो दोरीतून येतो तसा,
दोरी नसताना.

मला उंची खांबांतच कळते.
एक खांब. दोन. साडेतीन.
चौथ्याला मी नाक सरळ केलं
आणि विमान थांबलं, म्हणजे तरंगलं,
माझ्याच तारांवर, तारांना न शिवता.
नांगरून पडलेल्या काळ्या वावरावर वळवलं
तर उजवा पंख आपोआप उचलला,
कोणी खालून बोट लावावं तसा.
तिकडेच वळत राहिलो.
एक घार आली, बाजूनं दोन फेऱ्या मारून
हा आपल्यातला नाही हे ठरवून गेली.

"उतरत काहून नाही?" भागरथेनं विचारलं.
म्हटलं, खालून ऊन वर चाललंय, त्यावर बसलंय.
"बसू द्या मंग. मी गंज घासून येतो."

गंज झाला, दोन परातीही झाल्या.
माझी मान आखडली.
चढवायला माणसाएवढी जागा पुरली,
उतरवायला मात्र अठ्ठावीस पावलंच होती,
आणि शेवटच्या वळणाला मला
घाम आला, हात ओला झाला,
ते गेलं तुरीतच.

दामूनं आणून दिलं.
पंखावर वाळक्या शेंगेचं एक टरफल,
खुंटीवर राखेची दोन बोटं.
टरफल झटकलं.
बोटं ठेवलीत. काट्यावर घालून पाहिलं,
त्यांचं वजन भरत नाही.